देवरीहून लुंबिनीला : जोडीने करावयाची एक परदेशयात्रा

देवरी हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी क्रमांक ६ आणि आता ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड सुरू होते. सीमेची सवय असलेले हे गाव आहे. बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी अशा चारही भाषा कानावर पडतात. मात्र देशाची सीमा ओलांडणे ही येथील मध्यमवर्गीय कुटुंबाला अजूनही फार मोठी गोष्ट वाटते. परदेशप्रवास म्हटला की पॅरिसचा आयफेल मनोरा किंवा लंडनचा टॉवर ब्रिज, त्यासाठी पासपोर्ट, व्हिसाचे दूतावासी सोपस्कार आणि आयुष्यभराच्या बचतीला पडणारे भगदाड, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. निवृत्तीनंतर ‘एकदा दोघांनी मिळून कुठेतरी जाऊ’ असे ठरवलेले अनेक बेत या चित्रापाशीच थांबतात.

मात्र जागतिक वारसा यादीतील एक स्थळ असे आहे, जे परदेशात असूनही तेथे जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, विमानही लागत नाही आणि पासपोर्ट नसला तरी अडत नाही. ते स्थळ म्हणजे नेपाळच्या तराईतील लुंबिनी, भगवान गौतम बुद्धांचे जन्मस्थान. विदर्भातील बौद्ध उपासक-उपासिकांना हे नाव नवे नाही. थंडी सुरू झाली की बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी अशी यात्रा करणाऱ्या बसगाड्या विदर्भातून निघतात. इतर वाचकांना मात्र हे स्थळ ‘बौद्धांचे तीर्थ’ एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात तो भारतीय उपखंडाच्या इतिहासातील एक पक्का, शिलालेखाने शाबित झालेला बिंदू आहे. पण तेथे जाऊन नेमके काय पाहायचे, हे आधी माहीत नसेल, तर एवढ्या लांब जाऊन ‘एवढेच का?’ असे म्हणत परत येण्याची वेळ येते.

नोव्हेंबर १९५६

लुंबिनीला गेलेल्या मराठी दाम्पत्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचे नाव अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. सविता ऊर्फ माईसाहेब आंबेडकर यांचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतराचा सोहळा झाला. कुशीनगर येथे वास्तव्य असलेले मूळचे ब्रह्मदेशातील भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून प्रथम या पतिपत्नींनी जोडीने त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः जमलेल्या लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर येथे दुसरा सोहळा झाला.

त्यानंतर महिनाभरातच काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. त्यासाठी बाबासाहेब माईसाहेबांसह नेपाळला गेले. २० नोव्हेंबर रोजी तेथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर केलेले भाषण प्रसिद्ध आहे. परिषदेला जोडून लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर अशी यात्रा झाली आणि ३० नोव्हेंबरच्या सुमारास ते दिल्लीला परतले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

या तारखा एकापुढे एक मांडल्या, की त्या यात्रेचे स्वरूप ध्यानात येते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेला, आधाराशिवाय चालणे कठीण झालेला माणूस जन्मस्थानापासून महापरिनिर्वाणस्थानापर्यंतची वाट पुरी करतो आणि त्याची औषधे, पथ्यपाणी सांभाळणारी डॉक्टर पत्नी सतत त्याच्या सोबत असते. माईसाहेबांनी पुढे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन लिहिले. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्याला आलेले आरोप आणि एकाकीपण हा वेगळा आणि कटू विषय आहे. २००३ साली त्यांचे निधन झाले. लुंबिनीला जाणाऱ्या मराठी जोडप्यांनी निघण्यापूर्वी बाबासाहेबांच्या चरित्रातील १९५६ सालच्या उत्तरार्धाची पाने एकदा उघडून पाहावीत. प्रवासी मार्गदर्शिकेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो.

देवरीकरांना या इतिहासाशी आणखी एक जवळचा धागा आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि तीत त्यांचा पराभव झाला होता.

वाट पूर्वेकडून

नागपूरला जाऊन तेथून उत्तरेकडे जाणारी गाडी पकडावी, हा विदर्भातील नेहमीचा विचार. देवरीच्या बाबतीत तो उलटा करणे सोयीचे ठरू शकते. महामार्गाने राजनांदगाव आणि तेथून दुर्ग, हे अंतर एका सकाळचे आहे. रेल्वेनेच जायचे असेल तर जवळचे स्थानक आमगाव. दुर्गहून आठवड्यातील ठराविक दिवशी नौतनवाला जाणारी थेट एक्स्प्रेस सुटते. बिलासपूर, कटनीच्या मार्गाने ती उत्तर प्रदेशात शिरते आणि गोरखपूरवरून नौतनवाला पोहोचते. प्रवास एक दिवसाहून अधिक काळाचा आहे, परंतु गाडी बदलण्याची दगदग नाही आणि साठीच्या पुढील जोडप्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे. नौतनवा हे भारताच्या बाजूचे अखेरचे स्थानक. तेथून सुमारे ७ किलोमीटरवर सोनौली ही सीमेवरची पेठ आहे. सोनौलीच्या कमानीखालून चालत पलीकडे गेले की नेपाळ. मग भैरहवा, ज्याचे अधिकृत नाव सिद्धार्थनगर आहे, आणि तेथून साधारण २२ किलोमीटरवर लुंबिनी.

ज्यांना वाटेत सारनाथ आणि कुशीनगर करावयाचे आहे, त्यांनी वाराणसीला उतरून पुढे गोरखपूर गाठावे. गोरखपूरहून कुशीनगर पूर्वेला आणि सोनौली उत्तरेला असल्याने तेथे मुक्काम करून दोन्हीकडे जाता येते. भारतीय रेल्वेची ‘महापरिनिर्वाण एक्स्प्रेस’ ही खास पर्यटक गाडी २००७ पासून या स्थळांसाठी ठराविक तारखांना सोडण्यात येते. मात्र तिचे दर मुख्यतः परदेशी पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

ऋतूचाही विचार हवा. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत मोठा उत्सव असतो, परंतु त्या वेळी तराईतील उष्मा विदर्भाच्या उन्हाळ्याशी स्पर्धा करतो आणि वर दमटपणा असतो. डिसेंबरअखेर व जानेवारीत दाट धुके पडते, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि स्तंभ समोर उभा असूनही नीट दिसत नाही. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे त्या मानाने निवांत महिने.

दोघांची कागदपत्रे

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या शांतता व मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीत ये-जा करण्याची मोकळीक दिली. म्हणूनच व्हिसा नाही. याचा अर्थ ओळखपत्रही नको, असा नव्हे. भारतीय नागरिकाने वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले छायाचित्रासहित मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे, असा नियम आहे. नेमकी येथेच अनेकांची फसगत होते. गावापासून बँकेपर्यंत सर्वत्र चालणारे आधार कार्ड या प्रवासासाठी सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जात नाही. २०१९ च्या जानेवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने यात एक सवलत दिली. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी आधार कार्ड चालेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. म्हणजे ६६ वर्षांच्या पतीचे आधार कार्ड चालेल, पण ६१ वर्षांच्या पत्नीचे चालणार नाही, अशी परिस्थिती एकाच जोडप्याच्या बाबतीत उद्भवू शकते.

कुटुंब एकत्र प्रवास करीत असेल तर नियमात आणखी एक सोय आहे. एका प्रौढ सदस्याकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असल्यास इतरांकडून त्याचाच आग्रह धरला जात नाही. परंतु त्यांच्याकडे छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा आणि कौटुंबिक नाते दाखवणारा कागद, जसे शिधापत्रिका, असणे आवश्यक असते. कागदावर ही सोय उदार दिसते. व्यवहारात तिचा भार बहुधा स्त्रीवर पडतो. लग्नापूर्वीचे नाव एका कागदावर, सासरचे नाव दुसऱ्यावर, मधले नाव कुठे वडिलांचे तर कुठे पतीचे, आणि शिधापत्रिकेवर घरातल्या हाकेचेच नाव, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. चार दशके संसार केलेल्या बाईला आपण याच गृहस्थांची पत्नी आहोत हे सीमेवर सिद्ध करावे लागणे शोभादायक नाही. पतीच्या ओळखपत्राच्या आधाराने पत्नीने जावे, हा मार्ग म्हणूनच शक्यतो पत्करू नये. दोघांचीही मतदार ओळखपत्रे, नावांची जुळवणी करून, निघण्याच्या काही महिने आधी तयार ठेवावीत. तहसील कार्यालयात मतदार यादीतील दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. पासपोर्ट काढला तर उत्तमच; २०१६ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या बदलानंतर त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडण्याची सक्ती राहिलेली नाही.

पैशांचे गणित सोपे आहे. १९९३ पासून भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० रुपये हा दर स्थिर आहे. सीमावर्ती भागात भारतीय चलन सर्रास स्वीकारले जाते. मात्र नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर निर्बंध आणले आणि त्यानंतर या नियमांत फेरबदल होत राहिले आहेत. शंभराच्या नोटांची गड्डी सोबत नेणे हा निर्धास्त मार्ग होय. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे लागते, ही गंमतही जाताजाता लक्षात ठेवावी. नेपाळची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा बरोबर पाव तास पुढे आहे.

स्तंभ वाचावा कसा

लुंबिनीत ताजमहालासारखी नजर खिळवून ठेवणारी वास्तू नाही. आहे तो एक भग्न दगडी स्तंभ, विटांच्या पायांचे अवशेष, एक पुष्करिणी आणि त्यांच्यामध्ये अलीकडच्या काळात बांधलेले पांढरे, साधे मायादेवी मंदिर. महत्त्व आहे ते त्या स्तंभावर कोरलेल्या अवघ्या पाच ओळींना.

त्या ओळी ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. देवांना प्रिय असलेला प्रियदर्शी राजा, म्हणजे सम्राट अशोक, राज्याभिषेकानंतरच्या विसाव्या वर्षी स्वतः येथे आला. शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने पूजा केली आणि दगडी स्तंभ उभारला. भगवंताचा जन्म येथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नातील राजाचा वाटा आठवा हिस्सा इतका ठरवला, असा त्यांचा आशय आहे. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २४९. दगडाच्या कुंपणाविषयीच्या एका शब्दावरून अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, परंतु मुख्य आशयाबद्दल नाहीत. पवित्र स्थळी आलेल्या राजाने मंदिर न बांधता गावाचा शेतसारा कमी करावा, हा तपशील शेतकरी कुटुंबातून आलेल्या विदर्भीय वाचकाला विशेष भावेल. त्या काळी राजाचा वाटा सामान्यतः सहावा हिस्सा असे, असे मानले जाते. त्या मानाने ही सवलत भरीव होती.

हा स्तंभ शतकानुशतके विस्मृतीत गेला होता. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग येथे आला, तेव्हा त्याने वीज पडून मोडलेला, घोड्याची मूर्ती असलेला स्तंभ पाहिल्याची नोंद केली. १३१२ साली पश्चिम नेपाळातील राजा रिपुमल्ल येथे येऊन गेला आणि त्याने स्तंभाच्या वरच्या भागावर आपले नाव कोरून ठेवले. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरण्याची हौस आजचीच नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. पुढे या जागेचे ‘रुम्मिनदेई’ एवढेच नाव उरले. गावकरी तेथील झिजलेल्या मूर्तीची देवी म्हणून पूजा करीत. ती मूर्ती मुळात बुद्धजन्माचा प्रसंग दाखवणारी मायादेवीची होती, हे मात्र कोणाला माहीत नव्हते.

१८९६ च्या डिसेंबरमध्ये पाल्पाचे राज्यपाल जनरल खड्ग शमशेर यांच्या उपस्थितीत स्तंभाभोवतीची माती हटवण्यात आली आणि आतापर्यंत जमिनीखाली सुरक्षित राहिलेला अशोकाचा लेख उजेडात आला. त्या वेळी तेथे असलेले पुरातत्त्व अधिकारी अलोइस फ्यूरर यांनी शोधाचे श्रेय घेतले. पुढे इतरत्र पुरावे बनावट केल्याचे उघडकीस येऊन १८९८ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. लबाड संशोधकाच्या हातून अस्सल शोध लागावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणायचा. फ्यूरर यांच्या लौकिकामुळे लुंबिनीच्या लेखावरही काहींनी शंका घेतली. तथापि त्याची भाषा आणि लिपी तपासून विद्वानांनी तो अस्सल मानला आहे.

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप आणि ब्राह्मी लेख सापडले. देवरीच्या महामार्गानेच पुढे छत्तीसगडात गेले, की महानदीकाठी सिरपूरचे बौद्ध विहार लागतात. ही दोन ठिकाणे आधी पाहून ठेवलेल्या जोडप्याला लुंबिनीच्या विटा मुक्या वाटत नाहीत.

माहेरची अर्धी राहिलेली वाट

मायादेवी मंदिरात शिरण्यापूर्वी ती कथा आठवावी. कपिलवस्तूच्या शुद्धोदनाची पत्नी मायादेवी पहिल्या बाळंतपणासाठी आपल्या माहेरी, देवदहाला निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या शालवनात तिला कळा सुरू झाल्या आणि झाडाची फांदी धरून उभी असतानाच ती प्रसूत झाली, अशी परंपरा सांगते. पहिलटकरणीने माहेरी जाण्याची रीत महाराष्ट्राला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. मायादेवी माहेरी पोहोचलीच नाही. सातव्या दिवशी ती वारली आणि बाळ तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने, वाढवले. जगाने हे ठिकाण बुद्धाचे म्हणून पूजले, तरी येथील मंदिर मात्र आईच्या नावाचे आहे.

मंदिराच्या आत प्राचीन पायांवरून बांधलेल्या लाकडी मार्गिकेवरून चालावे लागते. छायाचित्रे घेण्यास बंदी आहे आणि ते बरेच आहे. मध्यभागी काचेखाली एक ओबडधोबड शिळा ठेवलेली आहे. जपानी बौद्ध संघटना आणि लुंबिनी विकास कोष यांनी केलेल्या उत्खननात ती सापडली आणि नेमक्या जन्मस्थानाची खूण म्हणून ती १९९६ साली जगापुढे आली. जवळच जन्मप्रसंगाचे ते झिजलेले शिल्प आहे.

त्याहून मोठी बातमी २०१३ साली आली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रॉबिन कॉनिंगहॅम आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी विटांच्या मंदिराखाली आणखी खोल जाऊन खणले, तेव्हा लाकडी खांबांच्या खळग्यांची रांग मिळाली. या लाकडी रचनेचा काळ त्यांनी इसवी सनापूर्वी सहावे शतक असा काढला. रचनेच्या मधोमध छप्पर नव्हते. तेथे झाडाची मुळे असल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे एका झाडाभोवती बांधलेले, आभाळाला उघडे असे ते पूजास्थान होते. कथेतील वृक्षाशी हे जुळते. परंतु वृक्षपूजा बुद्धाच्याही आधीपासून चालत आलेली आहे. त्यामुळे ते मूळचे बौद्ध स्थान होते की आधीचे एखादे वृक्षदेवतेचे ठाणे, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हीच जागा बुद्धजन्माची मानली, हे मात्र दगडावर लिहिलेले आहे.

मंदिराबाहेर पुष्करिणी आहे आणि तिच्या काठी पताकांनी वेढलेला मोठा पिंपळ आहे. बहुतेक जोडपी येथे थोडा वेळ बसतात. दुपार टळल्यानंतर ऊन उतरते, निरनिराळ्या देशांच्या भिक्खूंचे पठण एकाच वेळी सुरू असते आणि त्यातील पाली त्रिशरण विदर्भातील कानांना लगेच ओळखू येते. उच्चारांची ढब सिंहली, थाई किंवा ब्रह्मी असते, पण शब्द तेच.

एका जपानी वास्तुविशारदाचा आराखडा

संयुक्त राष्ट्रसंघाचे त्या वेळचे सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे ऊ थांट, १९६७ साली लुंबिनीत आले आणि तेथील अवस्था पाहून व्यथित झाले. त्यातून विकासाची आंतरराष्ट्रीय योजना आकाराला आली. जपानचे ख्यातनाम वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी तयार केलेला आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. उत्तर-दक्षिण सुमारे ५ किलोमीटर लांबीचा हा परिसर असून मधोमध सरळ कालवा आहे. कालव्याच्या पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायानी व वज्रयानी विहार आहेत. म्यानमार, थायलंड, श्रीलंका, चीन, कोरिया, जर्मनी अशा अनेक देशांनी आपापल्या शैलीत ते बांधले आहेत. उत्तर टोकाला २००१ साली पूर्ण झालेला जपानी पद्धतीचा शांती स्तूप आहे. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहिलेल्यांना तो लांबूनच ओळखीचा वाटेल, कारण दोन्ही एकाच निप्पोन्झान म्योहोजी संघाचे आहेत. भारतानेही येथे बौद्ध संस्कृती व वारसा केंद्राची पायाभरणी १६ मे २०२२ रोजी केली.

सर्व विहार पाहण्याचा अट्टाहास करू नये. एका दिवसात ते होत नाही आणि पाय दुखू लागल्यावर पॅगोडे एकसारखेच दिसू लागतात. दोन-तीन निवडावेत, त्यासाठी सायकल रिक्षा किंवा बॅटरीवर चालणारी रिक्षा ठरवावी आणि सकाळचा पहिला प्रहर स्तंभासाठी राखून ठेवावा. कोरियन महाविहारात यात्रेकरूंच्या मुक्कामाची साधी सोय होते. पूर्वेकडील गावात लहान हॉटेलेही आहेत.

युनेस्कोने १९९७ साली लुंबिनीचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यानंतर मात्र तेथील देखभालीबद्दल सातत्याने चिंता व्यक्त झाली आहे. मायादेवी मंदिरातील ओलाव्याने जुन्या विटांना धोका पोहोचत असल्याची तक्रार जुनीच आहे. २०२४ च्या जुलैमध्ये नवी दिल्लीत भरलेल्या वारसा समितीच्या बैठकीत हे स्थळ ‘धोक्यातील वारसा’ या यादीत टाकावे काय, यावर चर्चा झाली आणि नेपाळला सुधारणेसाठी मुदत मिळाली. तेथे जाणाऱ्याने विटांना हात लावू नये आणि सोन्याचा वर्ख, नाणी किंवा अत्तर यांचा मोह टाळावा, एवढे तरी त्याच्या हातात आहे.

यशोधरेचा दरवाजा

लुंबिनीच्या पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर तिलौराकोट आहे. शाक्यांची राजधानी कपिलवस्तू ती हीच, असे नेपाळमधील पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे आहे. गर्दी अशी येथे नसतेच. विटांच्या तटाच्या पूर्वेकडील दरवाजापाशी वाटाडे सांगतात, की याच दाराने सिद्धार्थ घर सोडून गेला. जोडीने आलेल्या प्रवाशांना येथे एक अवघड प्रश्न पडतो. झोपलेल्या पत्नीला आणि तान्ह्या मुलाला सोडून रात्री निघून जाणाऱ्या पुरुषाची ही कथा बायकांनी कशी ऐकावी?

बाबासाहेबांनाही परंपरागत कथा पटली नव्हती. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आल्याची गोष्ट बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मृत मनुष्य पाहिलाच नसेल, हे संभवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय यांच्यात या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून परिव्राजक होऊन देश सोडणे पत्करले. या मांडणीत तो रात्री गुपचूप जात नाही. तो यशोधरेला सांगतो, तीही त्याचा निर्णय योग्य ठरवते आणि संमती देते. राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे ती म्हणते. नवऱ्याचा निर्णय ऐकून घेणारी आणि त्यावर आपले मत देणारी ही यशोधरा आहे.

ती रोहिणी नदी आजही वाहते. नेपाळच्या तराईतून उतरून ती गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. तिच्या पलीकडचे देवदह हे कोलीयांचे गाव, म्हणजे मायादेवीचे माहेर, भैरहवाच्या पूर्वेला आहे. वेळ असल्यास एक दिवस तिकडे काढता येतो.

भारताच्या हद्दीतील पिपरहवा हेच कपिलवस्तू होते, असा आपल्याकडील अनेक अभ्यासकांचा दावा आहे. उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात सीमेला लागूनच हे गाव आहे. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तेथील स्तूप खणला, तेव्हा अस्थिकलश आणि त्यासोबत वाहिलेली शेकडो रत्ने सापडली. पेपे यांच्या वंशजांकडे राहिलेल्या रत्नांचा २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये लिलाव होणार होता. भारत सरकारने आक्षेप घेतल्यावर तो थांबला, मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या सहभागाने ती रत्ने मिळवण्यात आली आणि जुलैअखेर मायदेशी परतली. परतीच्या वाटेवर पिपरहवा पाहायचे असेल, तर सोनौलीला भारतात आल्यावर नौगढच्या दिशेने वळावे लागते आणि नौतनवाहून सुटणारी दुर्गची गाडी त्या दिवशी मिळत नाही. हा एक मुक्काम वाढणार हे धरूनच परतीचे आरक्षण करावे.